तारा मारलेले भाग

मार्चमधल्या एका दुपारी देवळाली गावातल्या मामांच्या पडवीत बसून मी येझदीची टाकी घासत होतो. बादलीत पाणी, हातात झिरो नंबरचा पॉलिशपेपर. वरचा काळा रंग मामेभावाने दहावीच्या सुट्टीत ब्रशने फासलेला, तो पापुद्र्यांनी सुटत होता. खाली पिवळा निघाला आणि पिवळ्यावर लाल अक्षरं दिसली: ‘सिक रो’. मी हात थांबवला. बाकीची अक्षरं अजून काळ्याखाली होती, पण ती वाचायची मला गरज नव्हती. १९८१ साली ती रंगवली तेव्हा रंगाचा डबा धरून मीच उभा होतो. ‘नासिक रोड’. तेव्हा आम्ही ‘नासिक’च लिहायचो. सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटरकडून मामांनी ती अक्षरं दोन चहा आणि एका प्लेट भज्यांवर काढून घेतली होती.

“थांबलास का दादा? घास की अजून,” मामेभाऊ म्हणाला. “खाली कंपनीचा मरून आहे. तोच काढायचाय ना आपल्याला?”

तिथून आमचं वाजलं.

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मामा गेल्यावर गाडी त्याच्या नावावर झाली. त्याला ती शोरूममधून आल्यासारखी करायची होती: मरून टाकी, टाकीच्या बाजूंना क्रोम, गुडघ्याला टेकायचे रबर, दोन लांब सायलेन्सर, बंद चेनकव्हर. अशी येझदी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाल्यांच्या मेळाव्यात उभी केली की लोक फोटो काढतात, आणि विकायची म्हटली तरी गिऱ्हाईक हटत नाही. मी म्हणालो, “अशी गाडी तुझ्या वडिलांकडे सहा वर्षं होती. नंतर त्यांनीच ती कापली. तुला कोणती परत आणायची आहे?”

आधी त्या सहा वर्षांच्या गाडीबद्दल सांगतो. प्राग शहरात फ्रांटिशेक यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीचं मोटारसायकलचं काम विकत घेतलं. यानेचेकमधला ‘जा’ आणि वांडररमधला ‘वा’, म्हणून जावा. मुंबईत या गाड्या आयात करून विकणाऱ्या इराणी कुटुंबाने आयातीवर बंधनं आल्यावर मैसूरला ‘आयडियल जावा’ हा कारखाना काढला आणि १९६१ पासून तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. करार संपल्यावर १९७३ पासून टाकीवरचं नाव येझदी झालं, इराणातल्या याझ्द शहरावरून. नाव बदललं, पण इंजिन तेच राहिलं. अडीचशे सीसीचा एकच सिलिंडर, ६५ मिलिमीटरचा बोअर, ७५ चा स्ट्रोक, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. किक आणि गिअर एकाच दांड्यात. दांडा आत दाबून वर फिरवला की किक, पुढे पाडला की गिअर. पहिल्यांदा बसणारा माणूस हमखास गोंधळायचा, आणि नाशिक रोडला त्या गोंधळावर पैजा लागायच्या.

मामांनी ती १९७५ साली घेतली, करन्सी नोट प्रेसच्या पगारावर. नाशिक रोडची गोष्ट सांगताना प्रेस आल्याशिवाय राहत नाही. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ ची, करन्सी नोट प्रेस १९२८ ची. पाच रुपयांच्या नोटेपासून तिथलं काम सुरू झालं. त्यानंतरच्या तीन-चार पिढ्यांत आमच्याकडे मुलगी देताना विचारायचे ते एवढंच, “मुलगा प्रेसमध्ये आहे का?” पगार वेळेवर, वर ओव्हरटाइम. शिफ्ट सुटली की जेलरोडने आणि नेहरूनगरकडून सायकलींचा लोंढा निघायचा आणि त्यात मधूनच एखादी जावा धूर सोडत जायची. देवळाली कॅम्पातल्या फौजी लोकांकडे बुलेट, द्राक्षवाल्या शेतकऱ्यांकडे आणि दूधवाल्यांकडे राजदूत, प्रेसवाल्यांकडे जावा-येझदी. ही वाटणी काही कुठे लिहिलेली नाही, पण बिटको चौकात तासभर उभं राहिलं तर दिसायची.

मातीत पळवायची गाडी मात्र त्या काळात भारतात कोणी बनवतच नव्हतं. परदेशातून आणायची तर परवाना, कस्टम आणि आपल्या ऐपतीबाहेरचा पैसा. म्हणून मोटोक्रॉसच्या शर्यती रस्त्यावरच्या गाड्या कापून खेळल्या जात. आणि कापायला येझदीच का, याला एक कारण होतं. चेकोस्लोव्हाकियातच जावाची भावकी असलेली सी झेड नावाची कंपनी होती. तिच्या टू-स्ट्रोक गाड्यांनी साठच्या दशकात मोटोक्रॉसचं जग हलवून टाकलं. बेल्जियमचा जोएल रॉबेअर १९६४ साली अडीचशे सीसीचा जगज्जेता झाला, पुढच्या वर्षी रशियाचा व्हिक्टर आर्बेकोव्ह, आणि १९६६ पासून सलग तीन वर्षं पाचशे सीसीत पूर्व जर्मनीचा पाउल फ्रीड्रिक्स. सगळे सी झेडवर. मामांकडे एका इंग्रजी मासिकातून कापलेला, हवेत उडालेल्या सी झेडचा फोटो होता. तो दाखवून ते म्हणायचे, “ही आपल्या गाडीची चुलतबहीण. एकाच घरचं रक्त. फक्त हिला नेसवून बाजारात पाठवलंय आणि तिला शेतात सोडलंय.” मामींनी हे ऐकलं की त्या आत निघून जायच्या.

१९८१ च्या उन्हाळ्यात, बिटकोच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये, मामा, त्यांचा प्रेसमधला एक फिटर मित्र आणि लेथवाले चाचा अशा तिघांनी ती गाडी उघडली. मी एकोणीस वर्षांचा. माझं काम घासलेटने पार्ट धुणं आणि चहा आणणं. डायनॅमोचं झाकण, हेडलाइट, स्पीडोमीटर, चेनकव्हर, मडगार्ड हे सगळं पोत्यात गेलं. मागचं स्प्रॉकेट मोठं केलं, म्हणजे वेग कमी पण चढाला ओढ जास्त. मागे बुलेटचे शॉकअप, त्यासाठी चासीला नवे कान जोडले. हँडल रुंद करून मध्ये आडवा रॉड टाकला. टायर बटणाचे. फूटरेस्ट पट्टीचे बनवले आणि चिखलात बूट घसरू नये म्हणून कानशीने त्यांना करवतीसारखे दात पाडले.

आणि पाइप. मला आजही वाटतं की ती गाडी म्हणजे ते दोन पाइप. बाकीचं त्यांच्या आधाराला आहे.

टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतो. जळालेला वायू ज्या दाराने बाहेर जातो, त्याच दाराने ताजं मिश्रणही थोडं निसटतं. पूर्व जर्मनीतल्या एम झेड कंपनीत वाल्टर काडेन नावाच्या इंजिनिअरने पन्नासच्या दशकात यावर तोड काढली. पाइपचं पोट फुगवायचं आणि शेवट पुन्हा निमुळता करायचा. बाहेर पडणारी दाबाची लाट फुगत्या भागात गेली की मागून ओढ निर्माण करते, आणि निमुळत्या भागावर आपटून परत येते ती निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलायला, दार बंद व्हायच्या आत. ही लाट नेमकी कधी परत येणार ते पाइपच्या लांबीवर. म्हणजे पाइप हा एक हिशेब असतो, पत्र्यात मांडलेला. काडेनचा स्वार एर्न्स्ट डेगनर १९६१ साली स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पळाला, सुझुकीकडे गेला, आणि हा हिशेब जपानला पोचला. पुढे गॉर्डन जेनिंग्ज या अमेरिकन माणसाने १९७३ साली टू-स्ट्रोकच्या ट्यूनिंगवर पुस्तक लिहून तो सगळ्यांना खुला केला. त्या पुस्तकातली काही पानं कोणीतरी हाताने उतरवलेली मामांकडे पुण्याहून आली होती. एक्झॉस्टचं दार किती अंश उघडं राहतं, कोणत्या फेऱ्यांवर ताकद हवी, लाटेचा वेग किती धरायचा, हे सगळं मामांनी सातवीच्या वहीत मांडलं. त्यांचं शिक्षण जुनी अकरावी.

मग पुठ्ठ्याचे शंकू कापले, ते पत्र्यावर ठेवून खडूने आखले, कात्रीने कापून लाकडी दांड्यावर वळवले आणि गॅस वेल्डिंगने एकाला एक जोडले. डाव्या पाइपला सात तुकडे, उजव्याला आठ, कारण उजवीकडे ब्रेकच्या पेडलला चुकवायचं होतं. वेल्डिंगचे टाके सुरुवातीला जाडजूड आणि ओबडधोबड आहेत; सायलेन्सरच्या शेपटाकडे येता येता ते बारीक आणि एकसारखे होत जातात. आठ दिवसांत हात कसा बसत गेला ते त्या पाइपवर बोट फिरवून कळतं.

गाडी सहा हंगाम पळाली. पुण्याला, कोल्हापूरला, एरवी सरावाला चेहेडीच्या पलीकडे, दारणेच्या काठाला. बक्षिसं फार नाहीत, मामींच्या काचेच्या कपाटात तीन कप आहेत. मग १९८४ साली इंड-सुझुकी आली, १९८५ साली आरएक्स हंड्रेड. शंभर किलोच्या आसपासच्या त्या पोरसवदा गाड्या वळणावर आमच्या येझदीला वळसा घालून पुढे जायला लागल्या. १९८७ नंतर मामांनी ती पडवीत लावली आणि वर गोधडी टाकली. मैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. पोत्यातले काढून ठेवलेले पार्ट मामींनी भंगारवाल्याला कधी दिले, ते त्यांनाही आठवत नाही.

म्हणून मामेभावाची गाडी करायची तर सगळंच नवं किंवा उसनं आणावं लागणार होतं. पूर्वी अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात फेरी मारली तर येझदीचा बोल्ट न बोल्ट मिळायचा. तो बाजार महापालिकेने जानेवारी २०१७ मध्ये उठवला. आता नवीन बनवलेले पार्ट मिळतात: टाकी, मडगार्ड, सायलेन्सर, अगदी कंपनीच्या नावाचे बिल्लेसुद्धा. मी हिशेब केला. शोरूमवाली करायची तर मामांच्या हातचं काहीही उरत नाही, आणि मैसूरचं म्हणावं तर इंजिन, चासी आणि चाकं. बाकी अर्धी गाडी गेल्या दोन वर्षांत कुठेतरी पत्र्यातून कापलेली. तिला १९७५ ची म्हणायचं कशावर?

तरीही आम्ही एक समझोता केला. चासी गंजली होती, ती तरी साफ करून काळी करून घेऊ. गंज हा काही आठवणींचा ठेवा नाही, तो रोग आहे, यावर दोघांचं एकमत. मी चासी पावडर कोटिंगला दिली. कुठे दिली ते सांगत नाही, कारण माणूस मनाने चांगला आहे. चौथ्या दिवशी आणायला गेलो तर तो हसतमुखाने म्हणाला, “काका, ते शॉकअपचे कान फार रफ होते. ग्राइंडर मारून गुळगुळीत करून दिले. त्याचे पैसे नाही लावले.”

मी हात लावून पाहिला. आरशासारखं. मामांच्या मित्राने घातलेले टाके, ज्यात पहिला कोन चुकल्यामुळे तोडून पुन्हा जोडल्याची खूण होती, ती गेली. त्या पोराला काय बोलणार? मी नीट सांगितलं नव्हतं. रफ ते गुळगुळीत करायचं, हेच तर त्याचं काम. पैसे दिले, चासी रिक्षात घातली, आणि दत्त मंदिर चौकापर्यंत रिक्षावाल्याशी एक शब्द बोललो नाही.

त्या रात्री मला प्रेस आठवली. मी तिथे तेहतीस वर्षं मशीन फिटर होतो. आतलं काय सांगायचं नाही ते अंगवळणी पडलंय, पण जे सगळ्यांना माहीत आहे ते सांगायला हरकत नाही. छपाईत दोष निघालेली नोट बाहेर जात नाही, नष्ट होते. पूर्वी तिच्या जागी त्याच नंबरची दुसरी छापून घालायचे, म्हणजे शंभराच्या बंडलात नंबर सलग राहत, आणि कोणती नोट मागाहून आलेली ते कोणालाच कळत नसे. २००६ पासून रिझर्व्ह बँकेने तारा सुरू केला. सदोष नोटेच्या जागी जी येते तिच्या नंबरात अक्षरांनंतर एक छोटा तारा असतो. आधी दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांवर आला. तारा असलेली नोट खोटी नाही, कमी किमतीचीही नाही. ती फक्त सांगते की मी मागाहून आले.

सकाळी मी लेथवाल्या चाचांच्या मुलाकडे गेलो आणि टूल स्टीलच्या रॉडवर चार मिलिमीटरचा एक ताऱ्याचा पंच बनवून घेतला. ठरवलं की या गाडीत मी जे नवं घालेन त्याच्यावर तारा मारायचा, दिसेल पण डोळ्यात येणार नाही अशा जागी. पुढे समजलं की हे शहाणपण माझ्याआधी बऱ्याच जणांना सुचलंय. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक संघटनेने २०१२ साली तुरीन सनद म्हणून एक मसुदा मंजूर केला. त्यात जपणूक वेगळी आणि पुनर्बांधणी वेगळी, आणि बदललेल्या मुख्य भागांवर कायमची, न खुपणारी खूण करा, असं सांगितलंय. वाचून मला जरा उगाचच मोठं वाटलं. मग मामेभाऊ म्हणाला, “म्हणजे तुझी आयडिया नाही तर,” आणि मी जमिनीवर आलो.

चासीच्या त्या दोन कानांवर पहिले दोन तारे मारले. ते भाग नवे नाहीत, पण त्यांच्यावर आता मामांच्या मित्राचा हात नाही, ग्राइंडरचा आहे. हे नियमात बसतं का, माहीत नाही. माझ्या मनाला बसलं.

मग काम सरळ होत गेलं. सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घातला, रिंगा, क्रँकची बेअरिंग, ऑइलसील, क्लचप्लेटा: सगळ्यांवर जमेल तिथे तारा. ब्रेकचे लायनर नवे, कारण जुन्यांनी थांबायचं म्हणजे देवावर भरोसा. वायरिंग नवं, पण सहा व्होल्टचंच. टायर नवे. टाकीच्या आतला गंज नट-बोल्ट आणि खडी भरून हलवून हलवून काढला. बाहेरून तिला हात लावला नाही. काळा रंग मात्र पिवळ्यापर्यंत मीच सोलला, त्याला नऊ दुपारी लागल्या. मरून अजून खाली आहे, असूदे. फूटरेस्टचे दात डावीकडे पार झिजलेत आणि उजवीकडे नव्यासारखे आहेत, कारण मामा वळणावर सगळा भार डाव्या पायावर टाकायचे. ते तसेच ठेवले. गिअरच्या दांड्याचं रबर म्हणजे सायकलच्या ट्यूबचा तुकडा तारेने बांधलेला. मामेभाऊ म्हणाला, एवढं तरी नवं घालू. मी म्हणालो, बघू. अजून बघतोच आहे.

सरकारदरबारी मात्र ही गाडी कुठेच बसत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी, नवी नोंदणी वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी. फेरनोंदणी पाच हजार. पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. आमची १९७५ ची, पन्नाशी झाली. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणजे मामेभावाने ती बाजारातल्या नव्या पत्र्याने मढवली असती तर ती कागदावर ‘मूळ’ ठरण्याच्या जवळ गेली असती, आणि मामांनी चव्वेचाळीस वर्षांपूर्वी कापलेली गाडी फेरफार केलेली म्हणून बाहेर. नियम करणाऱ्याला दोष देत नाही. नाहीतर उद्या कोणीही काहीही जोडून आणेल आणि व्हिंटेज म्हणेल. पण आमची गाडी रस्त्यावर यायची नाही, टेम्पोतून जाईल. येझदीचं नाव घेऊन २०२२ साली एका नवीन कंपनीने ‘स्क्रॅम्बलर’ काढली, पाइप वर, टायर बटणाचे. मामेभाऊ आता ती घ्यायच्या गोष्टी करतो. घे म्हटलं.

शेवटी उरला डाव्या पाइपवरचा खड्डा. पोटाच्या बरोबर मधोमध, हाताची मूठ बसेल एवढा. मी मामेभावाला सांगून ठेवलं होतं की त्याला बोट लावायचं नाही. कोल्हापूरच्या शर्यतीत मामा पडले होते तेव्हाचा तो, डाव्या अंगावरच पडले होते, मी स्वतः त्यांना उचललं होतं. गाडी पाहायला आलेल्या दोघा-तिघांना मी तो खड्डा दाखवून सगळी हकीकतही ऐकवली.

चैत्रातल्या एका संध्याकाळी मामी कैरीची डाळ घेऊन पडवीत आल्या. मी पुन्हा कोणालातरी तेच सांगत होतो. त्यांनी वाटी ठेवली आणि म्हणाल्या, “कसलं कोल्हापूर? गव्हाची कोठी पडली होती त्याच्यावर. मीच ओढायला गेले एकटी. याची बारावी होती त्या साली. तुझे मामा मेले, महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी.” मग पाइपकडे बघून म्हणाल्या, “काढता येतो का रे तो? तीस वर्षं येता-जाता दिसतो मला.”

दुसऱ्या दिवशी पाइपची दोन्ही तोंडं रबरी बूच आणि क्लॅम्प लावून बंद केली, एका बुचातून सायकलची नळी आत घेतली. मामेभाऊ पंप मारत होता, मी गॅसची ज्योत खड्ड्याच्या कडेकडेने फिरवत होतो, टाक्यांपासून लांब. पत्रा लाल व्हायला लागला. “हळू,” मी म्हणालो, “अजून एक. बस.” टक् असा आवाज झाला आणि खड्डा आतून बाहेर आला. निळसर डाग राहिलाय, हात फिरवला तर किंचित उंचवटा लागतो.

तिथे तारा मारलेला नाही.